शकुताई घर बघायला जायच्या

सकाळची भांडी घासून पालथी घालत होते, तेवढ्यात सुधीरचा फोन आला. "काकू, आई उठत नाहीये," एवढंच म्हणाला. आमची घरं एकाच गल्लीत, मी तशीच ओल्या हातानं गेले. शकुताई कुशीवर निजलेल्या, चेहऱ्यावर त्रासाची खूण नाही... डॉक्टर येऊन गेले, नातेवाइकांना फोन झाले, मी आपली पायथ्याशी बसून राहिले. रडू काही आलं नाही. पिकलं माणूस झोपेत गेलं, आता तक्रार करायची तरी कुणाकडे? पण महिना उलटून गेला तरी बायका दारात येऊन त्यांच्याबद्दल विचारतात, म्हणून त्यांचं काही सांगावंसं वाटलं.

शकुताई माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर शाहपूरकडचं, केळीच्या बागांतलं. आमच्यात मुलगी द्यायच्या आधी बायका सासरचं घर बघून येतात, आणि अर्धं बऱ्हाणपूर या कामाला शकुताईंना सोबत न्यायचं. त्या ओसरीवर कधी टेकायच्या नाहीत. पाणी प्यायच्या निमित्तानं थेट चुलीपाशी जायच्या. पण एकदा चुकल्याच. आमची नणंद विमल त्यांच्या शब्दावर दिली, आणि वर्षाच्या आत पोर माहेरी परत आली. सगळे तिला समजावत बसले, तिथं झालं काय हे कुणी विचारलंच नाही. शकुताईंनी विचारलं. तिला घेऊन एका दुपारी शेतात गेल्या आणि सगळं ऐकून आल्या. तेव्हापासून कुठलंही घर बघायचं तर त्या आधी शोध घ्यायच्या, त्या घरातून कोणी परत आलंय का. मला म्हणायच्या, "नांदणारी काय सांगणार, मंगल? तिला त्याच घरात जेवायचंय."

हे सगळं आठवायचं कारण त्यांची नात पल्लवी. सुधीरची मुलगी. बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकली आणि म्हणाली, आता पीएच.डी. करणार. दोन ठिकाणी निवड झाली. एक फार नावाजलेली संस्था, तिथं मेंदूच्या फोटोंवर काम होतं, कॉम्प्युटरवर. दुसरं कॉलेज साधंच, पण तिथले एक सर कृत्रिम गुडघ्यावर काम करतात... आपल्या लोकांना मांडी घालता येईल, खाली बसता येईल, असा गुडघा. सुधीरचं म्हणणं, नाव बघ. पल्लवीचं मन गुडघ्यावर, पण बापापुढं धीर होईना. चार-पाच वर्षांचा प्रश्न, एकदा गेलं की मध्येच सोडून येणं सोपं नाही. पोरीनं जेवण सोडल्यासारखं केलं होतं.

शकुताईंचे दोन्ही गुडघे गेलेले. मला वाटलं, त्या गुडघ्याचीच बाजू घेणार. तर त्यांनी नातीला बजावलं, "माझ्यासाठी तिकडं जाऊ नकोस. माझे गुडघे माझ्यासोबत जातील. आधी सांग, तिथून परत कोण आलंय?"

"आजी, ये रिश्ता नहीं है!" पल्लवी वैतागली.

"रिश्ता नाही तर काय? सकाळ-संध्याकाळ एकाच माणसाच्या हाताखाली राहायचंय ना? शोध."

पोरीनं शोधलं. नावाजलेल्या ठिकाणाहून निघालेली एक मुलगी फोनवर म्हणाली, "मी त्या विषयावर बोलत नाही." सुधीर म्हणाला, हिचंच काही चुकलं असेल. शकुताई म्हणाल्या, "असेलही. आपल्याला काय माहीत." त्यांनी त्यावरून काहीच ठरवलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

दुसऱ्या ठिकाणाहून निघालेला निखिल, भुसावळचा. शकुताईंना फोनवर पटेना. "तोंड बघितल्याशिवाय काय कळतंय." मग आम्ही तिघी मावा जिलेबीचा डबा घेऊन सकाळच्या गाडीनं भुसावळला. आता बघा, तीन बायका, त्यातली एक लग्नाच्या वयाची, हातात मिठाई... निखिलच्या आईचा जो समज व्हायचा तो झाला. माउली आत जाऊन चांगलं पातळ नेसून आली, कांदेपोहे आले, आणि ती पल्लवीला विचारते, "स्वयंपाकाची आवड आहे का गं?" निखिल लालबुंद. शकुताई मात्र शांत. "ताई, मुलगा तुमचा गुणाचा आहे, पण आम्ही दुसऱ्या कामाला आलोय. बेटा, तू परत का आलास?"

आई जरा हिरमुसली, पण पोरगा बोलला. सर तापट आहेत. मशीन एकच, नंबर लावून बसावं लागतं. कधी महिना महिना काहीच हाती लागत नाही. तो निघाला ते वडील अंथरुणाला खिळले म्हणून. "पण आजी, मी निघाल्यावर माझं काम छापलं ना, तेव्हा सरांनी पहिलं नाव माझंच ठेवलं. दुसऱ्या कुणाचं टाकलं असतं तरी मी काय करणार होतो?"

शकुताईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "म्हणजे परत गेलेल्या सुनेचे दागिने ठेवून घेतले नाहीत," त्या म्हणाल्या. पल्लवी हसली, आणि गाडीत बसल्यावर तिनं स्वतःच बापाला फोन लावला. सुधीर दोन दिवस बोलला नाही. मग बॅग त्यानंच आणली.

पुढं सगळं गोडच झालं असं नाही. पहिल्या वर्षी सर ओरडले म्हणून फोनवर रडायची. शकुताई ऐकून घ्यायच्या, परत ये म्हणायच्या नाहीत आणि राहा असंही म्हणायच्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "आलीस तर या घरात तुला आधी चहा मिळेल, मग प्रश्न."

तेराव्यानंतर सुधीरनं पल्लवीपाशी विषय काढला. आई गेली, घर रिकामं झालं, आता इकडंच ये, बऱ्हाणपुरात कॉलेजं आहेत, शिकवशील. संध्याकाळी मी शकुताईंची लुगडी आवरायला त्यांच्या खोलीत गेले, तर ही पोर आजीच्या पलंगाला टेकून खाली मांडी घालून बसलेली, कानाला फोन. पलीकडं कुणी मुलगी होती, त्याच सरांकडं जावं का म्हणून विचारत होती. मी लुगड्यांच्या घड्या घालत ऐकत राहिले.

"अच्छाई मैं बता दूँगी," पल्लवी म्हणत होती, "पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मला अजून तिथंच राहायचंय. भुसावळला एक जण आहे, त्याचा पत्ता देते... और सुन, फोन मत करना. जाऊन भेट."

दारात सुधीर उभा होता. त्यानं ऐकलं, आणि तिचं परतीचं तिकीट काढायला तो बाहेर गेला.