प्याल्याच्या रांगेत शेवटी

मामा कुणाकडेही चहाला गेले की बसण्याआधी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढून समोर ठेवत. कपाचं काय करावं, हा विचार समोरच्याला करावा लागू नये म्हणून. त्यांच्या कोपरांवर, कपाळाच्या कडेला पांढुरके खवले होते. ते उठले की सतरंजीवर कोंड्यासारखा भुगा उरे. तोही ते स्वतःच हातानं गोळा करत.

मी कोचिंगसाठी लातूरला आले तेव्हा आईही आली. मुलांसाठी खोली करून राहणाऱ्या अशा कितीतरी आया तिथे आहेत. उमरीजवळच्या आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आई आठ मुलांचे डबे करायची, त्यावरच आमचं तिथलं राहणं टिकून होतं. मामा नात्यातले नव्हेत; शेजारच्या खोलीत एकटे राहत, सगळेच त्यांना मामा म्हणत. पूर्वी ते औशाकडच्या एका खेड्यात चर्चचे प्रचारक होते. आम्हीही ख्रिस्ती, त्यामुळे ओळख लवकर झाली.

ग्लासाचं मी एकदा भीत भीत विचारलं.

"भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात टाकीपाशी एकच ग्लास व्हता, पोरी. मी पाणी प्यालो अन् एका बाईनं तो उचलून फेकला. घरातली चार माणसं गेलेली बाई ती. तिच्यावर काय रागवायचं? मग मीच माझा घेतला."

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला सगळे एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेत. मामा नेहमी रांगेत शेवटी. कुणी पुढे बोलावलं तर म्हणत, "असू द्या, मला कुठं गाडी गाठायचीय!"

एका दुपारी आई भाकरी भाजत होती, मामा दारात बसले होते. आईचं बोट तव्याला टेकलं आणि तसंच राहिलं.

"ताई, हात!" मामा ओरडले.

बोटाला फोड आला होता. आईला कळलंच नव्हतं. मामांनी तिच्या मनगटावरचा फिकट चट्टा पाहिला. "हितं चिमटा घेतला तर कळतंय का?"

आई रडायलाच लागली. तो चट्टा बधिर आहे, हे तिला केव्हापासूनच माहीत होतं. "कुणाला सांगू नका, मामा. डबे बंद पडतील, पोरीचं शिक्षण ऱ्हाईल. अन् पवित्र शास्त्रात लिवलंय, असल्या माणसाला वस्तीबाहेर ठेवायचं."

मामा खोलीतून एक जाड ग्रीक शब्दकोश घेऊन आले. पडलेल्या घराच्या मातीतून काढलेला, पुठ्ठा नसलेला. त्यांनी पान उघडलं.

"ग्रीक शास्त्रात तितंबी अन् शुभवर्तमानातबी एकच शब्द हाय, लेप्रा. म्हंजी खवले, साल निघणारं कातडं. तवा कातड्याचे लई रोग त्या एका नावात घालायचे. आपुन त्याला कुष्ठरोग म्हणून बसलो. तुमच्या चट्ट्याला खवला हाय का?" मग त्यांनी स्वतःची बाही वर सारली. "पुस्तकातला तो माणूस मी हाय, ताई. तुमी न्हाई. तुमच्या रोगाला सरकारी दवाखान्यात गोळ्या हायत. चला."

"अन् तुमचा?"

"माझा कुणाला लागत न्हाई. पर जातबी न्हाई."

"मग ग्लास कशाला?" मी विचारलं.

"लोकान्ला कुठं ठाव हाय?"

ते तिला घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला धोका राहत नाही, स्वयंपाक करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दर महिन्याला गोळ्यांचं पाकीट आणायला मामा सोबत जात. सहा महिन्यांनी औषध संपलं. बोटाची जाणीव पूर्ण परतली नाही, पण आई बरी झाली आणि माझी बारावीही पार पडली.

लातुरातल्या शेवटच्या रविवारी आई रांगेतून बाहेर पडली आणि मामांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"ताई, पुढं व्हा."

"न्हाई मामा. आज तुमीच पुढं."

प्याला देणारे पाळक क्षणभर थबकले. मामांनी ओठ लावलेला प्याला आईनं तसाच ओठांना लावला. मामा बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मी नांदेडला कॉलेजात असताना मामा गेले. त्यांचा ग्लास आईनं मागून आणला. होस्टेलवर मी त्यातूनच पाणी पिते. मैत्रिणी विचारतात तेव्हा मामांविषयी सांगते. एवढं मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही: त्या रविवारी आई मागे गेली तेव्हा मी मामांच्या पुढेच उभी राहिले, त्यांच्या आधीच प्याले. लेप्राचा अर्थ तेव्हा मला पाठ होता.