बाईंचा डावा हात

आमच्या एरोबिक्सच्या बाईंनी एका हॉलमध्ये तीन पिढ्या नाचवल्या. पुढे कॉलेजच्या मुली, त्यांनी उड्या मारायच्या. मधे आम्ही चाळिशी ओलांडलेल्या. आम्ही उडी न मारता पाऊल बाजूला टाकायचं. मागे खुर्च्यांवर आज्ज्या, त्यांनी बसूनच गुडघे उचलायचे. गाणं सगळ्यांना एकच. एकदा मी शिंगं मोडून वासरांत शिरले, तर बाई भर वर्गात म्हणाल्या, "अगं काकू, मागे ये. गुडघे काय भाड्याने आणलेस?"

बाई आमच्याकडे तोंड करून उभ्या राहत. "उजवा" म्हणताना स्वतः डावा उचलत, म्हणजे आम्हाला आरशात बघितल्यासारखं सोपं जाई.

मग त्यांचाच गुडघा गेला. ऑपरेशन झालं आणि वर्ग एका तरुण मुलीकडे गेला. बाईंचा नवरा केव्हाच गेलेला, मुलगी लांब. मी भेटायला गेले तेव्हा टीव्ही मोठ्याने चालू होता आणि बाई खिडकीशी बसल्या होत्या.

"बंद केला की घर खायला उठतं," त्या म्हणाल्या.

"मग वर्गाला या. खुर्चीवर बसा."

त्या भडकल्या. "मी मांडलेल्या खुर्च्यांवर मीच बसू?"

"आज्ज्यांना बसवताना बरं वाटायचं!" मीही फणकारले आणि निघून आले.

तरी पुढच्या सोमवारी त्या आल्या. मधल्या महिन्यांत कंबरेपायी मीही खुर्चीवर आले होते. त्या माझ्या उजवीकडे, कोपऱ्यात बसल्या. कुणाकडे बघेनात.

"उजवा हात बाजूला!" नवी मुलगी ओरडली. सगळ्यांचे उजवे हात गेले. बाईंचा सवयीने डावा गेला आणि फाडकन माझ्या हातावर आपटला.

"मेलं, जन्मभर उलटंच केलं की मी!" त्या हसल्या. मग हसू थांबलं. हात मात्र तिथेच राहिला.

"नर्स सोडली, तर इतक्या महिन्यांत कुणाचा हात लागला नव्हता गं," त्या हळूच म्हणाल्या.

मीही माझा हात काढला नाही.

आता त्यांना उजवं-डावं जमतं. पाय कधी चुकत नाहीत. हातांच्या वेळी मात्र "उजवा" ऐकलं की अजून डावाच येतो. नवी मुलगी म्हणते, दोघी खुर्च्या जरा लांब घ्या.

मी तिला सांगितलंय, तू तुझं गाणं लाव.