अप्पांच्या बंदुकीची गवसणी

माझ्या सासऱ्यांच्या बंदुकीला मी पुस्तकासारखी बांधणी केली. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. घरातले सगळे ती हसत सांगतात आणि मीही त्यांच्याबरोबर हसतो. ते हसणं खोटं आहे, हे आज लिहून टाकतो.

लग्नाचं पहिलं वर्ष होतं. मी ठाण्यात कारकुनी करायचो आणि रविवारी छंद म्हणून पुस्तकं बांधायचो. शेजारपाजारची पंचांगं, पोथ्या, काही सुटत नसे. (एका गृहस्थांनी वाचायला दिलेली कादंबरी मी आपण होऊन बांधून परत केली. शेवटचं प्रकरण पहिलं आलं होतं. त्यांनी पुन्हा पुस्तक दिलं नाही!)

सासरे, म्हणजे अप्पा, कल्याणचे. शिळफाट्याकडे त्यांची भातशेती होती. भात पिकलं की रानडुकरं शिरत, म्हणून घरात वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक, रीतसर परवान्यासकट. तिच्यावर त्यांचा इतका जीव, की सासूबाई, म्हणजे माई, म्हणायच्या, "माझी तब्येत कधी विचारली नाहीत, हिची रोज विचारतात!"

ज्येष्ठात आम्ही सासुरवाडीला गेलो, तेव्हा अप्पा बंदूक जुन्या धोतरात गुंडाळत होते.

"अप्पा, धोतर कसलं? मी गवसणी करून देतो. पक्की!"

"जमेल तुम्हाला?"

"अहो, पाचशे पानांची पोथी बांधतो मी. ही तर एकच नळी!"

"जावईबापू," माई दारातून म्हणाल्या, "पोथी उडत नाही हो."

मी हसण्यावारी नेलं. बाहेरून पुठ्ठा, त्यावर हिरवं कापड, आतून फ्लॅनेल, सगळं कणकेच्या खळीनं चिकटवलं. खळीला झुरळं लागू नयेत म्हणून पुस्तकं बांधणारे तीत चिमूटभर मोरचूद टाकतात. मी मूठभर टाकला. (बंदूक पुस्तकापेक्षा मोठी ना!) शिवाय बांधणीचा नियम असा, की खळ ओली असतानाच दाब द्यायचा. म्हणून ओल्या गवसणीतच बंदूक सारली आणि दमट हवा आत जाऊ नये म्हणून तोंड शिवून टाकलं. (दमट हवा आतच होती!) वर माईंचा पाटा ठेवला.

"ओलं दिसतंय की हो," माई म्हणाल्या. "लोखंडाला चालतं?"

"माई, हे शास्त्र आहे!"

दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी आम्हाला खास बोलावणं आलं. पाटाभोवती रांगोळी, झेंडूची फुलं, गंध तयार. अप्पांनी टाके कापले आणि बंदूक ओढली. येईना! मी गवसणी धरली, अप्पांनी दस्ता धरला. फर्रकन आवाज झाला, मी भिंतीवर, अप्पा रांगोळीत! बंदूक आली ती अंगावर फ्लॅनेलची लव घेऊन. लव खरवडली, तर खाली नळी तांबडी, पाणी तापवायच्या बंबासारखी! वर गंजाचे फोड.

"नंबर!" अप्पा ओरडले. "नळीवरचा नंबर कुठे गेला?"

परवाना नवा करायला पुढच्याच आठवड्यात बंदूक कचेरीत दाखवायची होती. नंबर जुळला नाही तर बंदूक जमा, आणि शेतात भात तयार!

"कोणी काय केलं हिला?"

मला मोरचूद आठवला. मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच, "यंदा हवा फारच दमट होती, नाही?"

"मीच शिवायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसली होती," माई शांतपणे म्हणाल्या. "माझंच चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिल्या सणाला आलेल्या जावयाची मान खाली जाऊ नये, म्हणून त्या माउलीनं दोष अंगावर घेतला. अप्पा तिला वाट्टेल ते बोलले. आणि मी? मी जेवायला बसलो. श्रीखंड दोनदा घेतलं.

कचेरीत अप्पांबरोबर मीही गेलो. कारकुनानं नळी उजेडात धरली.

"हे कशानं झालं?"

"आमच्या मंडळींनी ओल्या फडक्यानं पुसली."

"मग त्यांना घेऊन या. त्यांचा जबाब लागेल."

माईंनी जन्मात कचेरीची पायरी चढली नव्हती. मी अप्पांच्या पुढे झालो.

"साहेब, जबाब माझा घ्या."

"तुम्ही कोण?"

"जावई."

मी सगळं सांगितलं. खळ, मूठ, पाटा, सगळं. कारकुनानं टाक खाली ठेवला.

"मोरचूद? लोखंडाला? त्यातलं तांबं नळीवर चढणारच की! शाळेत रसायनशास्त्र नव्हतं का हो?"

"होतं. पहिला आलो होतो."

शिपायानं चहाच्या चुलीतली राख आणली. अर्धा तास मी नळी घासत होतो आणि अर्धी कचेरी बघत होती. एकेक आकडा वर आला. जुळला! परवाना मिळाला. माझ्या जबाबावर सही घेताना कारकून म्हणाला, "आमचं हे रजिस्टर फार फाटलंय. बांधून देता?"

"साहेब," अप्पा हात जोडून म्हणाले, "त्यापेक्षा बंदूक जमा करून घ्या!"

घरी येईपर्यंत त्यांनी बंदुकीला माझा हात लागू दिला नाही. मला मात्र फार हलकं वाटत होतं. मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि माईंच्या पाया पडलो.

"माई, मी खरं सांगून आलो. लेखी!"

माईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! अहो, कशाला? मी सगळ्या आळीत फिरून देवाशपथ सांगितलं, की जावयाचा यात काही दोष नाही म्हणून!"

आयुष्यात एकदा धीर करून खरं बोललो, तर त्यानंही माईच खोट्या पडल्या!