डबल बेल

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर गाडी धुतली. मेक्सिकोची खारट धूळ, चाकांत अडकलेली वाळू, सगळं. मी ब्रशनं घासतोय, माझे व्याही पाइप धरून उभे, आणि वर मलाच सांगतायत, "नीट घासा, पुढच्या हिवाळ्यात परत जायचंय." त्याच रात्री झोपेत गेले.

असा हट्टी माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल. इथंच चँडलर गावात इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर लोक बागेत गुलाब लावतात, यांनी घराएवढी गाडी घेतली. आत शेगडी, पलंग, संडास. इथं तिला आरव्ही म्हणतात. विहीणबाईंनी सरळ सांगितलं, "जन्मभर जागेवरच्या ओट्याशी उभी राहिले, आता हलत्या ओट्याशी उभी राहणार नाही." मग यांची नजर माझ्यावर पडली.

माझी बायको गेल्यावर मुलानं मला इथं आणलं होतं. मी सातवी शिकलेला, एसटीत कंडक्टर. चाळीस माणसांच्या गर्दीत जन्म गेला, आणि इथं मुलगा-सून कामावर गेले की रस्त्यावर चिटपाखरू नाही. बोलायचं कुणाशी? हळूहळू बोलणंच बंद झालं. जेवणही कमी झालं. सून बापाजवळ रडली असणार, कारण एका सकाळी व्याही दारात येऊन म्हणाले, "चला, ड्युटीवर." गाडीत बघतो तर छताला दोरी बांधलेली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटा. "डबल बेल मिळाल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही," म्हणाले. आणि खरंच हलवली नाही. मेक्सिकोच्या सरहद्दीवर मागे रांग लागली, लोक हॉर्न वाजवतायत, पोलीस काचेवर टकटक करतोय, आणि हे त्याला शांतपणे मराठीत सांगतायत, "बेल आली नाही हो अजून." मी नाइलाजानं दोरी ओढली.

मराठी साऱ्या जगाला कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. ग्वायमासच्या बंदरात कोळंबीवाल्या बाईशी ते मराठीत घासाघीस करायचे, ती तिच्या भाषेत भांडायची, आणि दोघंही खूश. कुकरची शिट्टी झाली की आजूबाजूच्या गाड्यांतले गोरे घाबरून बाहेर यायचे, त्यांना हे वरणभात खाऊ घालायचे. रस्ता कुणाला विचारायचा नाही. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, हाच नकाशा. एकदा बराच वेळ समुद्र डाव्या हाताला दिसत होता. तेव्हा म्हणाले, "समुद्र चुकला वाटतं."

मी नुसता बसून असायचो. एवढ्या पाण्याकडे बघून करायचं काय, तेच कळायचं नाही. आमच्या हिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. मी मनात म्हणायचो, बघ. पण ऐकणार कोण.

मग माझातलान शहराच्या अलीकडे एका फाट्यावर बायका उन्हात उभ्या होत्या. डोक्यावर टोपल्या, काखेत कोंबड्या. एकीनं हात दाखवला आणि माझ्या हातानं आपोआप दोरी ओढली. एक बेल. व्याह्यांनी असा ब्रेक मारला की वरणाचं पातेलं आडवं झालं. बायका चढल्या, पलंगावर बसल्या, कोंबडी व्याह्यांच्या उशीवर. दारातच गर्दी झाली आणि माझ्या तोंडून निघालं, "पुढं सरका, पुढं जागा आहे."

त्या सरकल्या.

कित्येक दिवसांत मी बोललो नव्हतो. व्याह्यांनी वळून पाहिलं नाही. फक्त आरसा नीट केला आणि म्हणाले, "कंडक्टर, डबल?" मी दिली. उतरताना एका म्हातारीनं फडक्यातली गरम पोळी माझ्या हातावर ठेवली. मक्याची, जाडसर. सगळी खाल्ली.

तर असा माणूस गेला. आता आपलं तोंड परत बंद होणार, हे मी बातमी कळताच ओळखलं.

सकाळी लोक यायला लागले. त्यांच्या गाड्यांना जागा करायची म्हणून आरव्ही रस्त्यावर काढायला हवी होती. सुनेनं बापाच्या किल्ल्या घेतल्या. मी मागं माझ्या जागेवर जाऊन बसलो. इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना. मला वाटलं, पोर रडतेय.

"काय गं?"

"बाबा, पप्पांची स्ट्रिक्ट ऑर्डर आहे," ती आरशात बघत म्हणाली. "बेलशिवाय नाही."

मी दोन दिल्या.