बसस्टँडवरचा निरोप

आमच्या आईनं आयुष्यभर एकच वचन पाळलं : वास्तू तथास्तु म्हणते. घरात वाईट बोललं की घर ‘तथास्तु’ म्हणणार आणि ते खरं होणार. म्हणून बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. मी निघताना चुकून ‘जाते’ म्हटलं, की ती लाटणं रोखून उभी. “येते म्हण!”

अण्णा आजारी पडेपर्यंत मला याचं हसू यायचं. आकुर्डीच्या कंपनीत उभी हयात घालवून माझे वडील रिटायर झाले आणि वर्षभरात फुप्फुसाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी आम्हा बापलेकीला समोर बसवून सांगितलं, फार दिवस नाहीत. घरी आल्यावर अण्णा सोफ्यावर टेकत नुसतं “माझ्या मागं...” म्हणाले, तोच आई स्वयंपाकघरातून ओरडली, “शुभ बोला! वास्तू ऐकतीया!”

“शुभ बोल नाऱ्या,” अण्णा माझ्याकडे बघून हसले. मग खोकत राहिले.

दोन-तीनदा असंच झालं. एका दुपारी ते मला म्हणाले, “चल, स्टँडवर जाऊ.” निगडीचा बसस्टँड घराजवळच. तिथल्या बाकावर त्यांनी बराच वेळ दम घेतला.

“हितं वास्तू न्हाई. आता बोलतो. माझ्या मागं तुझ्या आईचं कुंकू पुसायचं न्हाई. बांगड्या फोडायच्या न्हाईत. माझा बाप गेला तवा माझ्या आईला समद्यांनी धरून बसवली व्हती. मी ल्हान, दारात उभा. तिच्या मनगटातनं रगत आलं व्हतं.”

“मी सांगते आईला.”

“तू न्हाई. मी सांगीन. नवऱ्यानं सांगितलं तरच ती ऐकंल, न्हाईतर जगाचं ऐकंल. तू फकस्त तिला एकदा हितं आण.”

एवढंच काम होतं माझ्याकडे, आणि आई काही उंबरा ओलांडेना. “स्टँडवर काय ठिवलंय? उन्हाचं त्यांना कशाला फिरवतीस?” मी गोड बोलले, चिडले, भांडले. “अगं बाई, माणूस काहीतरी सांगू बघतोय!” तर म्हणे, “बरं झाल्यावर सांगतील की.” माझं डोकंच फिरायचं. एवढा राग मला आजवर कुणाचा आला नव्हता. आणि तिला सगळं कळत होतं हो! आपण तोंड मिटून ठेवलं तर ते राहतील, असं धरून बसली होती बिचारी.

मग एका सकाळी अण्णांचा श्वास अडकला. हॉस्पिटलात तोंडावर मास्क, बोलणं बंद. मी सांगावं तर अण्णांनीच ‘तू न्हाई’ म्हटलेलं, आणि माझं ती ऐकणार नव्हतीच. आई शेजारी बसली की ते तिचा हात धरायचे आणि बांगड्या वर सारायचे, परत खाली सोडायचे. तिला वाटलं, हात चोळून देतायत. “वाटंल तुमास्नी बरं,” ती म्हणाली. मी तिला अंघोळीला म्हणून घरी पाठवलं, आणि ती घरी असतानाच अण्णा गेले.

मी फोन केला. अण्णांना घेऊन मी अँब्युलन्समधून घरी पोचले तोवर आत्यानं उरकलं होतं. माझी आत्या स्वतः विधवा. उंबऱ्याशी हिरव्या काचा पडलेल्या, आईचं कपाळ मोकळं. मी आत्यावर अशी ओरडले की गल्ली गोळा झाली.

“रीत हाय,” आत्या म्हणाली. “तुझा बाप काय नको म्हणून गेला व्हता व्हय?”

तेरावा झाल्यावर आई आपणहून म्हणाली, “चल, स्टँडवर.” त्याच बाकावर बसली. “काय सांगायचं व्हतं त्यांना?”

मी सांगितलं. त्यांच्या आईचंही सांगितलं. आईनं पदर ओढून मनगटं झाकली. समोरून एक बस भरून निघून गेली.

“घरी चल,” ती म्हणाली. आत आल्यावर तिनं दार लावून घेतलं. “आता हितं बोल. मोठ्यानं. त्यांच्यावानी बोल.”

हॉलमध्ये उभी राहून मी बोलले. कुंकू पुसायचं न्हाई. बांगड्या फोडायच्या न्हाईत. माझा आवाज फाटला, तरी बोलले. आई भिंतीकडे बघत ऐकत होती.

“त्यांना एकदा बोलू दिलं असतं,” ती म्हणाली, “तर त्यांच्या तोंडनं ऐकलं असतं मी.”