दीड वीत उंचीचं टेबल

माझं ऑफिस पुण्यात आणि मी नागपुरात, प्रताप नगरच्या दोन खोल्यांत. तीन वर्षं पलंगावर बसून, उशीवर लॅपटॉप ठेवून मी लोकांची विम्याची कागदपत्रं तपासली. मग एके दिवशी साहेबांचा मेल आला: घरून काम कायमचं हवं असेल तर नीट टेबल-खुर्ची पाहिजे, सोमवारी अकराला व्हिडिओवर दाखवा, नाहीतर पुण्याला या. पुण्याला जायचं म्हणजे बाबांना सोडायचं. आई गेल्यावर मीच त्यांना हट्टानं उमरेडहून इथं आणलं होतं. मेल वाचून मी आधी चिडले, मग रडले, मग पुन्हा चिडले. माझा नेहमीचा क्रम तोच.

बाबा म्हणाले, "टेबल मी करतो. भिंतीलेच ठोकतो. तुह्या खोलीत पायाच्या टेबलाले जागा कुठं हाय?"

बाबांनी उभा जन्म उमरेडला हातमागावर लुगडी विणली. माग बंद पडून बरीच वर्षं झाली, पण त्याचं सागवान त्यांनी कुणाला दिलं नाही. सरपणाला तरी द्या, म्हणून आईनं किती डोकं खाल्लं, हे ढिम्म. त्या शनिवारी पहाटेच्या एसटीनं ते उमरेडला गेले, आरा मशीनवर मागाचे खांब चिरून घेतले आणि दुपारी फळ्या टेम्पोत घालून हजर. ड्रायव्हरशेजारी असे बसले होते की जणू वरात घेऊन आलेत.

मग म्हणाले, "बस वं, माप घेतो."

खोलीत खुर्ची नव्हती. ऑनलाइन मागवलेली अजून यायची होती. मी फरशीवर बसले. त्यांनी जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत वीत टाकली, वर थोडी बोटं धरली. "मांडीले जागा पाह्यजे. दीड वीत." मी मान हलवली. खुर्चीची उंची ते यात मिळवतीलच, असं मी धरून चालले.

रविवारी खोलीचं दार आतून बंद. खालच्या शेजाऱ्यांकडून आणलेलं ड्रिल घरघरत होतं, आणि मधूनमधून बाबा गुणगुणत होते. आई गेल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलंच नव्हतं. ओट्याशी उभी राहून मी त्या दिवशी नुसतीच हसत भाजी चिरली.

संध्याकाळी दार उघडलं. फळ्या अशा जुळवलेल्या की सांधा दिसू नये, कडा घासून लोण्यासारख्या मऊ. आणि हे सगळं जमिनीपासून बरोब्बर दीड वीत उंचीवर!

"बाबा, हे टेबल आहे की पाट?" मी ओरडलेच.

"काहून? काम तं खालीच बसून होते नं!"

मागाच्या कडेला जमिनीवर बसून, पाय खड्ड्यात सोडून त्यांनी चाळीस वर्षं काम केलं होतं. मन लावून करायचं काम कुणी खुर्चीवर बसून करतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. दाराबाहेर, दुपारीच आलेली नवी खुर्ची खोक्यातून निघून उभी होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे, आणि त्यांचा चेहराच उतरला. "काढतो. वर ठोकतो."

"थांबा," म्हटलं आणि मी टेबलाशी मांडी घातली. कोपरं नेमकी फळीवर आली. पाठ आपोआप ताठ झाली. तीन वर्षांत अशी बसले नव्हते. "राहू द्या," मी म्हणाले, "मस्त झालंय." आणि ते खरंच होतं.

सोमवारी अकराला साहेबांनी उजेड पाहिला, इंटरनेट पाहिलं, टेबल पाहिलं. "मॅडम, खुर्ची कुठे आहे?"

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "हे काय! मी बसून राहिलो नं तिच्यावर!"

खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात टेकून बाबा राजासारखे बसले होते. साहेबांना हसू आवरेना. "पण मॅडम, खाली बसून पाठ नाही दुखत?"

"पलंगावर दुखायची, सर. इथं नाही दुखत."

"मग झालं तर. तुमचं घरून काम पक्कं."

आनंदानं उठताना माझा गुडघा टेबलावर आपटला. टेबल तसूभर हललं नाही. वळून पाहते तर खुर्ची रिकामी. बाबा त्यांच्या खोलीत खाटेखालून कापडी पिशवी ओढत होते. आत दोन धोतरं, औषधं, आईचा फोटो.

"ही कधी भरली?"

"मेल आला त्याच दिवशी. टेबल नाई जमलं असतं तं तुले म्हणणार होतो, तू पुण्याले जाय, मी उमरेडले जातो. माह्यापायी तुही नोकरी काहून जावी?"

म्हणजे भरलेली पिशवी खाटेखाली ठेवून हा माणूस रविवारभर गुणगुणत होता! मला इतका राग आला की मी त्यांना घट्ट मिठीच मारली. "सोड वं," म्हणत ते लाजले. मग पिशवीच्या तळातून त्यांनी आपला धोटा काढला, मागावर आडवं सूत नेणारा, हातानं झिजून गुळगुळीत झालेला, आणि माझ्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हा इथंच राहू दे," ते म्हणाले. "अन् चहा मांड."

ती पिशवी आता दारामागच्या खिळ्याला असते. बाबा तिच्यातून भाजी आणतात.