भासऱ्याच्या छातीवर

आमच्या शेजारची मंजुषा म्हणजे एका अंगात दोन बाया. कारंज्याच्या हायवेवर तिची चहा-पोह्यांची टपरी आहे. तिथे ती ट्रकवाल्यांना अशी झाडते, की भलाभला ड्रायव्हर स्वतःचा कप विसळून जागेवर ठेवतो. आणि घरी, अंगणात डोमाजी आले की हीच वाघीण पदर ओढून दाराआड!

डोमाजी तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि शिवायचं तर नाहीच नाही, हा त्या घरचा कायदा. मंजुषाची लेकरं शाळेत जायला लागली, तरी दोघांचं बोलणं भिंतीमार्फत. ही भिंतीला विचारणार, "कोणी जेवाले बसते का?" ते छपराला सांगणार, "भूक नाई म्हणा." मी म्हणे, "मंजे, लोकांच्या भिंतीले कान असते, तुमच्या भिंतीले तोंड आहे वं."

मागच्या उन्हाळ्यात डोमाजींच्या लेकीचं, रूपालीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. देवळीचे पाहुणे मांडवात बसलेले. व्याह्याला कुंकू लावायला डोमाजींनी बोट उचललं आणि धप्पकन सतरंजीवर पडले. मला वाटलं, धोतरात पाय अडकला. चांगली एक कोटी ओठावर आली होती, ती तिथेच मेली. डोळे उघडे, छाती हलेना. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल. मधेच घशातून घोरल्यासारखा आवाज आला, तर एक शहाणा म्हणतो, "श्वास चालू आहे, पडू द्या!"

तेवढ्यात स्वयंपाकाकडून मंजुषा आली. पदर कमरेला खोचलेला, हाताला पीठ. तिने डोमाजींचे खांदे हलवले, तोंडाशी गाल नेला, "हा श्वास नाई! एकशेआठले फोन लावा!" म्हणून ओरडली आणि गुडघे टेकून दोन्ही हात त्यांच्या छातीच्या मधोमध ठेवून दाबायला लागली. खच्, खच्, खच्!

मांडव गारठला. उन्हाळ्यात, सांगते ना, गारठला! डोमाजींची आई आनंदाबाई किंचाळली, "अवो, भासरा होय तो तुहा! शिवली वं ह्याले!"

आणि तेव्हाच कटकन आवाज झाला. साऱ्यांनी ऐकला.

"बरगडी मोडली! मारलं वं हिनं माह्या पोराले!"

मंजुषाचा नवरा मुकेश, बिचारा, तिचा दंड धरून म्हणाला, "हट ना, मंजुषा!"

"हट काय म्हंता? हृदय बंद पडलं त्याईचं! मी थकली का तुमी बसजा."

आणि मुकेश बसला हो! भर पाहुण्यांत, बायकोच्या हुकमाने. आळीपाळीने दोघं दाबत राहिले ते अॅम्ब्युलन्स येईपर्यंत. त्यातल्या लोकांनी यंत्राचा झटका दिला, नाडी लागली आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. पण वाचतील की नाही, डॉक्टर सांगेनात. इकडे आनंदाबाईने फर्मान काढलं, "माह्या पोराचं बरंवाईट झालं, तर हे बाई या घरात राह्यणार नाई."

मंजुषा माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"तू केलं तरी काय वं?" मी विचारलं.

"हायवेवर अपघात होतात म्हणून हिवाळ्यात दवाखान्याच्या लोकाईनं टपरीवाल्याईले शिकवलं नाई का? त्याईनं प्लास्टिकचं हृदय उघडून दाखवलं. आत चार कप्पे. वरचे दोन रक्त घेते, खालचे दोन फेकते. उजव्या बाजूचं फुप्फुसात जाते, डाव्या बाजूचं साऱ्या अंगात. मधात झडपा; पुढं गेलेलं रक्त मांगं येऊ देत नाई. ते बंद पडलं का आपण हातानं कराचं. छातीचं हाड अन् पाठीचा कणा, याच्या मधात त्याले दाबाचं, म्हणजे रक्त डोक्यापर्यंत जाते. अन् दरवेळी पुरतं सोडाचं. सोडलं नाई तर कप्पे भरतीन कसे?"

माझा हात आपोआप छातीवर गेला. शेजारच्या घरात कोणत्या डाळीला फोडणी पडली ते मला ठाऊक, आणि माझ्याच छातीत जन्मापासून ही उघडझाप चालू आहे, त्याचा पत्ता नाही!

"बरगडी खरंच मोडली वं?"

"मोडते कधी कधी. सांगतलं होतं त्याईनं." मग हळूच म्हणाली, "पण वारले, तर मीच मारलं म्हंतीन ना, काकू?"

मी उठून तिला चहा करून दिला. टपरीवालीला, मी! विश्वास बसतो का?

डोमाजी वाचले. घरी आणून त्यांना बाजेवर टेकवलं, तेव्हा अख्खी गल्ली गोळा. मी पहिल्या रांगेत, हे सांगायला नको. आनंदाबाई विटाळ काढायला गोमूत्राची वाटी घेऊन उभी. डोमाजींनी हातानेच तिला थांबवलं.

"मंजुषा."

छपराला नाही, भिंतीला नाही. नाव घेऊन! माझी मान अशी वळली, की उसण भरली.

"भाईर ये."

ती आली. पदर नाकापर्यंत.

"बरगडी तूच मोडली म्हंते?"

पदर वरखाली हलला.

"पुढच्या टायमाले जराशी हळू दाबजो."

मग पदराच्या आतून, सरळ त्यांनाच, आवाज आला, टपरीवरचा आवाज:

"हळू दाबलं असतं, दादा, तर पुढचा टाईम आलाच नसता."

आनंदाबाईच्या हातातली वाटी कलंडली. डोमाजी आधी तोंड उघडं टाकून बघत राहिले, मग खदखदून हसले, आणि लगेच दोन्ही हातांनी छाती धरून कळवळले.

"हसवू नको वं बाई, दुखते!"